गाडी गुडगुडते तेव्हा



मे महिना लागला की रत्नागिरीच्या रस्त्यांवर आंब्याच्या पेट्या नेणाऱ्या टेम्पोंच्या जोडीला बाहेरगावच्या गाड्या दिसू लागतात. एमएच-०८ ही आपली पाटी. तिच्या मधेमधे ०१, ०३, ०४, ४३, ४६ अशा पाट्या येतात. मुंब्रा, कुर्ला, पनवेलकडून आलेली ती आपलीच माणसे. कुणाच्या घरी निकाह असतो, कुणाची मुले सुट्टीत आजोळी येतात. पुढे नवरा-बायको, मागे म्हातारी अम्मी, तीन मुले आणि पायांशी बॅगा. गाडी बऱ्याचदा सेकंडहँड, आखातात नोकरी करणाऱ्या मुलाने किंवा भावाने पाठवलेल्या पैशांतून घेतलेली.

सपाट रस्त्यावर या गाड्या छान चालतात. घाट लागला की त्यांतल्या काही तापतात. कशेडीला आता बोगदा झाला आहे, पण भोस्ते आणि परशुराम हे घाट आहेतच. कऱ्हाडकडे जायचे तर कुंभार्ली चढावा लागतो, कोल्हापूरकडे जायचे तर साखरप्याच्या पुढे आंबा घाट. सुट्टीच्या दिवसांत यांपैकी कुठल्याही घाटात बॉनेट उघडून वाफाळत उभी असलेली एखादी गाडी दिसतेच, आणि तिच्या बाजूला ओढणीने वारा घेत बसलेल्या बायका.

आमचे सांगणे असे की, गाडी सहसा एकाएकी तापत नाही. त्याआधी काही दिवस तिने काही ना काही आवाज केलेला असतो, आणि गाडीतल्या कुणीतरी तो ऐकलेला असतो. बहुतेक वेळा ऐकणारा चालवणारा नसतो. चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर, हॉर्नवर आणि फोनवर. आवाज ऐकते ती त्याच्या शेजारी बसलेली बायको, नाहीतर मागे बसलेली अम्मी. त्यांना कुणी विचारत नाही, आणि त्या सांगायला गेल्या तर ‘तुला गाडीतलं काय कळतं’ असे उत्तर मिळते. म्हणून हा लेख गाडी चालवणाऱ्यांइतकाच शेजारी बसणाऱ्यांसाठीही आहे.

गाडीतला कुकर

शाळेत उष्णता आणि दाब हा धडा शिकवताना आम्ही मुलांना स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर आठवायला सांगतो. उघड्या भांड्यात पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते. आंबा घाटाच्या माथ्यावर तेच ९८ अंशांच्या आसपास उकळेल, कारण उंचीवर हवेचा दाब कमी असतो. कुकरमध्ये झाकण घट्ट असते, दाब वाढतो, आणि पाणी १२० अंशांच्या जवळ जाईपर्यंत उकळत नाही.

गाडीचे इंजिनही असेच झाकणबंद असते. इंजिनाच्या भिंतींतून कूलंट फिरते, म्हणजे रसायन मिसळलेले पाणी. वॉटर पंप ते ढकलतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट नावाची झडप बंद असते. पाणी ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तापले की ती उघडते आणि पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये जाते. तिथे वाऱ्याने आणि पंख्याने ते निवते व परत इंजिनात येते. रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या टाकीच्या झाकणात स्प्रिंग असते. बऱ्याच झाकणांवर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. तो दाबाचा आकडा. म्हणजे घरच्या कुकरमध्ये जितका दाब असतो, साधारण तितकाच या झाकणाखालीही असतो.

हे कळले की पुढचे सगळे सोपे होते. कुकरमधले पाणी संपत आले की आवाज बदलतो, वायसर खराब झाली की बाजूने फुसफुसते, शिट्टीत भात अडकला की वेगळेच घरघरते. आपल्या घरातल्या बायका दुसऱ्या खोलीतून हे ओळखतात. तोच कान गाडीतही उपयोगी पडतो.

आंबा घाटातली गोष्ट

आमच्या ओळखीतले एक कुटुंब गेल्या वर्षी कोल्हापूरला दवाखान्यात निघाले होते. गाडी चालवायला घरचा कर्ता मुलगा, शेजारी त्याची बायको, मागे त्याची अम्मी आणि विशीतला पुतण्या. अम्मींच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले होते. त्या सुनेने आम्हाला नंतर सांगितले, की चार-पाच दिवसांपासून गाडी सुरू केली की डॅशबोर्डच्या मागून गुडगुड असा आवाज येत होता, बाटलीतून पाणी ओतावे तसा. तिने नवऱ्याला दोनदा सांगितले. ‘एसीचं पाणी असेल,’ तो म्हणाला. तिसऱ्यांदा तिने सांगितले नाही.

घाटाच्या मध्यावर काटा वर गेला आणि बॉनेटखालून वाफ आली. गाडी कडेला घेतली. पुतण्या उत्साहाने उतरला, त्याने हाताला रुमाल गुंडाळला आणि रेडिएटरचे झाकण फिरवायला घेतले. मागून अम्मी ओरडल्या, ‘अरे, कुकर तरी असा उघडतोस का?’ तोपर्यंत झाकण सुटले होते. उकळते पाणी कोपरापर्यंत हातावर आले. डोळ्याचे ऑपरेशन बाजूला राहिले आणि दवाखान्यात मुलाचा हात दाखवावा लागला. गाडीच्या गॅस्केटचे काम निघाले ते वेगळेच. मुळात बिघाड काय होता? एका रबरी पाइपाची क्लिप सैल होऊन थेंब थेंब कूलंट गळत होते.

क्लिप म्हणजे किरकोळ खर्चाची वस्तू. हेड गॅस्केटच्या कामाला इंजिनाचे डोके उतरवावे लागते आणि खर्च हजारांत जातो. हा सगळा फरक त्या गुडगुडीकडे लक्ष देण्या-न देण्याचा.

कोणता आवाज काय सांगतो

गुडगुड, बुडबुड: डॅशबोर्डच्या मागे हिटरसाठी एक छोटा रेडिएटर असतो. कूलंट कमी झाले की त्यात हवा शिरते आणि गाडी सुरू करताना किंवा वेग वाढवताना पाणी खळखळते. कारणे चार. कुठेतरी गळती आहे, कूलंट बदलताना हवा आत राहिली आहे, झाकणाची स्प्रिंग किंवा रबर कमजोर झाले आहे, किंवा हेड गॅस्केट फुटून इंजिनातला वायू पाण्यात येतो आहे. पहिल्या तिघांचे काम लहान. चौथ्याची ओळख अशी की गळती कुठे दिसत नाही तरी कूलंट कमी होत राहते, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो आणि इंजिन ऑइल दुधाळ दिसते. असे दिसले तर गाडी चालवू नये, गॅरेजला ओढून न्यावी.

हवा काढायची रीत अशी. रात्रभर उभ्या राहिलेल्या, पूर्ण थंड गाडीचे तोंड थोडे चढाला ठेवावे. झाकण काढून कूलंट हळूहळू भरावे. हिटर गरमवर ठेवून इंजिन नुसते चालू ठेवावे. बुडबुडे येतील, पातळी उतरेल, तसे भरत जावे. रेडिएटरचा वरचा पाइप गरम व्हायला लागला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. बुडबुडे थांबले की झाकण लावावे, आणि इंजिन पुन्हा थंड झाल्यावर पातळी तपासावी. काही गाड्यांत हवा काढायला वेगळा स्क्रू असतो. तिथे मिस्त्रीच बरा. बुडबुडे थांबतच नसतील तर गॅस्केटची शंका घ्यावी.

ची-ची, किंचाळल्यासारखा: हा पट्ट्याचा, म्हणजे बेल्टचा आवाज. पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू करताना क्षणभर येतो आणि जातो, त्याची काळजी नाही. रोज येत असेल, एसी लावल्यावर वाढत असेल, तर बेल्ट सैल झाला आहे, झिजला आहे किंवा त्यावर कूलंट नाहीतर ऑइल पडते आहे. काही गाड्यांत वॉटर पंप याच बेल्टवर चालतो. तिथे बेल्ट तुटला की पाणी फिरणेच बंद. बेल्टला भेगा दिसल्या तर प्रवासाआधी बदलावा.

घरघर, खरखर: इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी, जात्यासारखी घरघर ही बहुधा वॉटर पंपाच्या बेअरिंगची असते. मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक पंपावर आणि दांडा कानाजवळ धरून ती ऐकतात, डॉक्टर नळी लावून छाती ऐकतात तसे. पंपाखाली एक बारीक भोक असते. आतले सील गेले की त्यातून कूलंटचे थेंब येतात आणि सुकल्यावर रंगीत डाग राहतो. घरघर आणि डाग दोन्ही असतील तर पंप बदलायलाच हवा. दुरुस्तीला उशीर केला तर पंप वाटेत अडकतो.

फस्स: गाडी थांबवल्यावर बॉनेटखालून फुसफुस येते ती वाफेची. पाइपाला चीर पडली आहे, क्लिप सैल आहे किंवा झाकण दाब धरत नाही. झाकण ही स्वस्त वस्तू आहे. जुने किती वर्षांचे आहे ते माहीत नसेल तर त्याच आकड्याचे नवे घ्यावे.

फडफड, खडखड: पंख्यात प्लास्टिकची पिशवी, वाळलेले पान, क्वचित उंदराने आणून ठेवलेला काथ्या अडकतो. कोकणात पावसाळ्यात गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की बॉनेटखाली उंदीर घर करतात आणि पाइप, वायरी कुरतडतात. हे बघायचे ते इंजिन बंद आणि चावी काढून. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून बोटे, ओढणी, बांगड्या दूर ठेवाव्यात.

खदखद, ठकठक: काटा लालात आणि इंजिनातून डेगीसारखी खदखद किंवा धातूची ठकठक ऐकू आली तर पाणी आत उकळते आहे. ‘माथ्यापर्यंत जाऊ’ असे म्हणू नये. तिथेच जागा बघून इंजिन बंद करावे.

न येणारा आवाज

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कधी कधी आवाज न येणे हीच खूण असते. पूर्वीच्या ॲम्बॅसेडर आणि जीपगाड्यांत पंखा इंजिनालाच जोडलेला असे, इंजिन चालू म्हणजे पंखा चालू. १९८३ मध्ये मारुती ८०० आली तिचे इंजिन आडवे बसवलेले होते, त्यामुळे रेडिएटरला विजेवर चालणारा पंखा दिला गेला. आज बहुतेक लहान गाड्यांत तसाच पंखा आहे. तो गरज पडली की सुरू होतो, निवले की थांबतो. मोटर जळाली, फ्यूज किंवा रिले गेला, की तो सुरूच होत नाही. गाडी धावत असते तोवर वारा लागतो आणि काही कळत नाही. टोलनाक्यावर, फाटकापाशी, घाटातल्या रांगेत गाडी उभी राहिली की काटा चढतो.

याची तपासणी घरच्या अंगणात होते. गाडी सुरू करून एसी लावावा आणि कुणालातरी समोर उभे करावे. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात पंख्याचा घूं असा आवाज आला पाहिजे. आला नाही तर त्या दिवशी प्रवास नको, आधी गॅरेज. उलट, पंखा सतत जोरात फिरत असेल तर रेडिएटरच्या जाळीत धूळ, किडे, गवत अडकले आहे का ते बघावे. रेडिएटरची ती मधाच्या पोळ्यासारखी रचना विल्हेल्म मायबाख यांनी १९०० च्या सुमारास मर्सिडीजसाठी बनवली, ती वारा जास्तीत जास्त जागेला लागावा म्हणून. जाळी बंद झाली की तिचा हेतूच संपतो. जाळी पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी. जोराच्या प्रेशरने पाती वाकतात.

काही आवाज मात्र निरोगी गाडीचेच असतात. गाडी बंद केल्यावर पंखा मिनिटभर फिरणे, तापलेला धातू निवताना टिकटिक होणे, एसीखाली साध्या पाण्याचे थेंब पडणे, याला घाबरायचे कारण नाही. थेंब रंगीत आणि चिकट असेल तर ते कूलंट समजावे.

विहिरीचे पाणी नको

किनाऱ्याजवळच्या आपल्या कितीतरी विहिरींचे पाणी मे महिन्यात मचूळ होते. ते रेडिएटरमध्ये घातले तर ॲल्युमिनियम कुरतडले जाते, क्षार साचतात, बारीक नळ्या बुजतात. बोअरिंगच्या जड पाण्याचेही तेच. कूलंट दोन प्रकारांत मिळते. एक तयार, जसेच्या तसे घालायचे. दुसरे घट्ट, ते बॅटरीसाठी वापरतात त्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळायचे. हिरवे, लाल, निळे असे रंग एकमेकांत मिसळू नयेत. कोणते घालायचे आणि किती वर्षांनी बदलायचे ते गाडीच्या पुस्तिकेत असते.

घाटात अडचणीची वेळ आली तर पिण्याच्या बाटलीतले पाणी चालते, पण घरी पोहोचल्यावर ते काढून कूलंट भरून घ्यावे. आणि सांडलेले कूलंट लगेच भरपूर पाण्याने धुवावे. बहुतेक कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जबर विषारी असते. अंगणात मुले खेळतात, मांजरे फिरतात, बकरी बांधलेली असते. उरलेले कूलंट सरबताच्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नये.

घाटात गाडी तापली तर

काटा मधल्या खुणेच्या वर सरकू लागला की पहिल्यांदा एसी बंद करावा, काचा उघडाव्यात आणि हिटर पूर्ण गरमवर व पूर्ण वेगावर लावावा. मे महिन्यात हिटर लावणे जिवावर येते, पण इंजिनाची उष्णता बाहेर काढायला तो एक जादा रेडिएटरच आहे. वरच्या गिअरमध्ये गाडी रेटू नये. काटा उतरला नाही, किंवा वाफ दिसली, तर वळण टाळून सुरक्षित जागी थांबावे, इंजिन बंद करावे, हँडब्रेक ओढून चाकामागे दगड लावावा, चारही इंडिकेटर चालू करावेत. म्हाताऱ्यांना आणि मुलांना रस्त्याच्या बाजूने नव्हे, डोंगराच्या बाजूने उतरवावे.

त्यानंतर करायचे काम म्हणजे वाट बघणे. किमान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नये. वरचा पाइप हाताला गार आणि दाबल्यावर मऊ लागला की जाड कपडा धरून, चेहरा बाजूला करून झाकण थोडेसे फिरवावे, फुसफुस पूर्ण थांबू द्यावी, मग उघडावे. तापलेल्या कोरड्या इंजिनात गार पाणी ओतू नये, धातूला तडा जातो. पाणी घातल्यावर खालून भळाभळा गळत असेल तर पुढे जाण्याचा हट्ट सोडून मेकॅनिक बोलवावा.

तरीही कुणी भाजलेच तर भाजलेल्या जागेवर २० मिनिटे साधे गार पाणी सोडत राहावे. अंगठी, बांगडी, घड्याळ लगेच काढावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नये. स्वच्छ कपड्याने सैल झाकून दवाखाना गाठावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर मदतीसाठी ११२ हे क्रमांक मुलांनाही पाठ असावेत.

गाडी घेताना आणि निघताना

सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड गाडीचे झाकण उघडून बघा. कूलंट स्वच्छ रंगाचे असावे. जंगाचे तांबडे पाणी असेल किंवा वर तेलाचा तवंग असेल तर आधीच्या मालकाने हयगय केली आहे. मग गाडी सुरू करून पाच मिनिटे गाणी, एसी, बोलणे सगळे बंद ठेवून ऐका. एक चढ चढवून बघा. आखातात उन्हात कमावलेला पैसा आहे, पाच मिनिटे त्याला देता येतात.

लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री कूलंटची पातळी खुणांच्या मध्ये आहे का, गाडीखाली डाग आहे का, बेल्ट आणि पाइप शाबूत आहेत का आणि पंखा लागतो का एवढे बघावे. दहा मिनिटांचे काम आहे. वुझूसाठी पाण्याचा कॅन आपण गाडीत ठेवतोच, त्याच्या शेजारी तयार कूलंटचा एक डबा ठेवावा.

आणि घरातल्या कर्त्यांना आमची एक विनंती. निघण्याआधी शेजारच्या सीटवर बसणाऱ्या माणसाला विचारा, ‘काही आवाज येतो का?’ त्या सुनेने चौथ्या दिवशी तिसऱ्यांदा सांगितले असते तर बरे झाले असते, असे तिच्या घरचे आता म्हणतात. आम्हाला वाटते, पहिल्यांदा सांगितले तेव्हाच बॉनेट उघडून बघायला हवे होते.

सुट्टीचे प्रवास सुखरूप होवोत, आमीन.